वाक्य चालून बघणाऱ्या बाई

बाईंना चाकाची खुर्ची चालायची नाही. न्यू जर्सीच्या पार्सिपनी गावातल्या आमच्या ऑफिसात सगळ्यांना काळ्या, गरगर फिरणाऱ्या खुर्च्या होत्या. बाईंनी मात्र घरून स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची आणली होती, तीही गाडीच्या मागच्या सीटवर आडवी घालून. "चाकावर बसलेला माणूस सरकतो, आणि तो सरकला की त्याचं वाक्यही सरकतं," असं त्या म्हणायच्या. नव्या माणसाला शिकवायचं असेल तेव्हा ती खुर्ची त्याच्या टेबलाला लावायच्या, दुसरा हेडफोन कानावर चढवायच्या आणि शिसपेन्सिल हातात घेऊन बसायच्या. शिकवणं संपलं की खुर्चीवरूनच निकाल कळायचा. ती एकतर दुसऱ्या टेबलाशी जायची, म्हणजे तुम्ही पास. नाहीतर खुर्ची तिथेच राहायची आणि तुम्ही जायचात. माझ्याआधीची दोन माणसं अशीच गेली होती.

माझ्या टेबलाशी ती खुर्ची सगळा हिवाळा होती.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायची गरज मला कधी वाटली नाही. सेलूला आमची पिठाची गिरणी. माझा पदवीचा गाऊन घातलेला फोटो वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, गिरणीतच लावला, पट्ट्याच्या वर, आणि रोज सकाळी ते त्यावरचं पीठ पुसतात. लग्न करून मी न्यू जर्सीत आले आणि दोन वर्षं अपार्टमेंटमध्ये बसून होते. नोकरी लागली तेव्हा तीन महिने ट्रायल आहे, मग कायम करायचं की नाही ते ठरेल, हे मी अण्णांना सांगितलं होतं. अण्णांनी त्यातलं 'नोकरी लागली' एवढंच ऐकलं आणि अख्ख्या आळीत पेढे वाटले. आता ती गेली तर ते पेढे परत कसे घ्यायचे?

काम असं होतं. एकटी राहणारी म्हातारी माणसं गळ्यात बटण घालतात. पडलं, घाबरलं, छातीत दुखलं की बटण दाबायचं. घरात एक स्पीकरची पेटी असते, तिच्यातून आमचा आवाज जातो आणि त्यांचा आवाज आमच्या कानात येतो. आम्ही काय झालं ते विचारायचं, एका वाक्यात टाइप करायचं आणि तेच वाक्य त्या गावच्या अँब्युलन्सवाल्यांना फोनवर वाचून दाखवायचं. एकच वाक्य, आणि समोरच्याला ते पहिल्यांदा ऐकताच कळलं पाहिजे. कोण, कोणाचं, कुठे, कशाच्या मागे, कशाच्या खाली, आणि आणखी काय, हे सगळं त्या एका ओळीत.

मला वाटलं, एवढंच ना. आमच्या शाळेत इंग्रजीच्या व्याकरणात माझा हात धरणारा कोणी नव्हता. शब्दयोगी अव्ययं मला तोंडपाठ होती. इन, ऑन, अंडर, बिहाइंड, बिट्वीन, श्लोकासारखी म्हणून दाखवायची मी. पहिल्या दिवशी तसं म्हणूनही दाखवलं.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "छान. आता त्यात एक म्हातारी ठेव."

सरावासाठी त्यांनी एक बनवलेली टेप लावली. एक बाई घाबरून बोलते आहे. तिची बहीण जिन्यात पडली आहे, कुत्रा मागच्या अंगणात भुंकतो आहे, तो अनोळखी माणसांना चावतो. मी वाक्य केलं: कॉलर्स सिस्टर अँड डॉग इन द बॅकयार्ड. त्यापुढे पडणं, चावणं वगैरे. स्पेलिंग एकही चुकलं नव्हतं.

बाई उठल्या. त्यांनी माझं वाक्य मोठ्याने वाचलं आणि चालायला लागल्या. ऑफिसच्या मधोमध एक खांब होता, तो त्यांच्या लेखी स्वयंपाकघर. कॉफीचं मशीन म्हणजे जिना. फोटोकॉपीच्या मशीनमागची जागा म्हणजे बॅकयार्ड. त्या कॉफीच्या मशीनकडे न बघता सरळ फोटोकॉपीमागे गेल्या आणि खाली वाकून शोधायला लागल्या. पन्नाशी उलटलेली बाई, अंगात मरून कार्डिगन, केसांचा अंबाडा, आणि मशीनमागे वाकून कोणाला तरी हाका मारते आहे. तेवढ्यात आमचा अमेरिकन मॅनेजर कागद घ्यायला आला.

"तुम्ही ठीक आहात ना?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"मी ठीक आहे. हिची पेशंट सापडत नाहीये," बाई म्हणाल्या. "कुत्रा सापडला. मला चावला."

मॅनेजर कागद घेऊन निघून गेला. त्याला सवय होती.

बाई खुर्चीत येऊन बसल्या आणि मराठीत म्हणाल्या, "बहीण आणि कुत्रा तू एका 'आणि'ने बांधलेस आणि दोघांना एकाच अंगणात टाकलंस. ती बिचारी जिन्यात पडून आहे. मी का जाईन जिन्यात? तू मला पाठवलंच नाहीस."

"पण कळतं ना बाई, साधारण."

"कोणाला कळतं? तुला. कारण तुझ्या डोक्यात जिना आहे. ऐकणाऱ्याला तुझ्या डोक्यात जागा नसते."

वाक्य चालून बघणं ही त्यांची रीत होती. कोणाचंही वाक्य असो, त्या ते पायांनी तपासायच्या. वाक्य जिथे नेईल तिथेच जायचं, अक्कल वापरायची नाही. एकदा मी 'शेजाऱ्याच्या गॅरेजच्या मागे' असं लिहिण्याऐवजी 'गॅरेजमागच्या शेजाऱ्याकडे' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं, तर त्या उठून शेजारच्या कंपनीचं दार वाजवून आल्या.

त्यांच्या बोलण्यात ठरलेली वाक्यं असायची. "आधी माणूस ठेव, मग भिंती बांध." हे पहिलं. त्यांचं म्हणणं, आपण मराठी माणसं उलटे येतो. सेलूच्या बाजारातल्या गिरणीच्या मागच्या घरातला माणूस, असं आपण बोलतो. सगळं गाव फिरून झालं की शेवटी माणूस भेटतो. इंग्रजीत माणूस दारातच उभा असतो. मग तो कोणाचा कोण, मग कुठल्या खोलीत, मग कशाच्या शेजारी. "तू इंग्रजी शब्द घेतेस आणि मराठी रस्त्याने येतेस," त्या म्हणायच्या. "त्या अँब्युलन्सवाल्याला पेशंट मिळेपर्यंत त्याचं गाव संपतं."

दुसरं वाक्य, "'आणि' फुकट मिळत नाही." म्हणजे दोन गोष्टी जोडायच्या असतील तर दोन्हींची खात्री हवी. तिसरं, "'असेल' हा शब्द या ऑफिसात नाही." पडली असेल, झोपली असेल, दार उघडं असेल, असलं काही म्हटलं की त्या पेन्सिल टेबलावर आपटायच्या.

मी त्यांना बाई म्हणायची, यावरून त्या वैतागायच्या. ऑफिसात लहानथोर सगळे त्यांना नावाने हाक मारायचे.

"मला नाव आहे," त्या म्हणायच्या. "तेही चांगलं आहे. घे की."

"जीभ वळत नाही, बाई."

"वळव. मी नवऱ्याला त्याच्या आईसमोर नावाने हाक मारली होती, एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली. काही आकाश कोसळलं नाही."

त्या मूळच्या पुण्याच्या, तीस वर्षांपूर्वी इकडे आलेल्या. त्यांचे मिस्टर, म्हणजे आमचे काका, फार गरीब माणूस. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला शाळेच्या कँटीनमध्ये जेवणं असायची. तिथे कोणी "अहो, चटणी कुठाय?" विचारलं आणि कोणी "तिकडे" म्हणालं, की बाई ताट हातात धरून उभ्या राहायच्या, रांग अडली तरी. काका मागून हळूच म्हणायचे, "खिडकीजवळच्या टेबलावर, कोशिंबिरीच्या मोठ्या पातेल्याच्या मागे, पांढऱ्या झाकणाच्या डब्यात." मग रांग पुढे सरकायची. काका मला म्हणाले होते, "आमच्या घरात वस्तू हरवत नाही गं. मला वाक्य जमेपर्यंत ती मिळत नाही, एवढंच."

मी एकदा विचारलं होतं, बाई, तुम्ही आधीपासूनच अशा का? त्या पेन्सिलीला टोक करत होत्या.

"एकदा मी नुसतं 'मागे' म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "घराच्या मागे की घराच्या मागच्या भागात, ते म्हटलं नव्हतं."

"मग? माणूस वाचला ना?"

"आपल्याला कळवत नाहीत."

ते खरंच होतं. अँब्युलन्स दाराशी पोचली की आमची लाइन बंद. पुढे काय झालं ते आम्हाला कोणी सांगायचं नाही. मी ते जेवताना विसरायला शिकले. बाईंना ते कधीच जमलं नाही. कित्येकदा त्या जेवणाचा डबा उघडून नुसत्या बसून राहायच्या.

तर त्या हिवाळ्यात माझी झोप उडाली. पहाटे जाग यायची आणि मी पडल्यापडल्या खोलीची वाक्यं करायची. घड्याळ कपाटाच्या वरच्या फळीवर, नवऱ्याचा चष्मा त्याच्या उशीच्या आणि भिंतीच्या मध्ये. तळहाताला सारखा घाम. एकदा मी चहा करताना पुटपुटले, "हजबंड्स सॉक, अंडर द सोफा, बिहाइंड द लेफ्ट लेग." नवरा सोफ्याखाली वाकला आणि मोजा वर धरून म्हणाला, "सापडला यार! अँब्युलन्स कॅन्सल कर." मी हसले आणि मग मला रडूच आलं. तो घाबरला. शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "नाही झालं कायम तर नाही. दुसरं बघू." त्याला पेढ्यांचं काय माहीत.

दर रविवारी अण्णांचा फोन. "काय म्हणते नोकरी?" मी म्हणायची, बरी आहे. "साहेब खूश आहेत ना?" मी म्हणायची, साहेब नाहीत अण्णा, बाई आहेत. "मग बरं आहे," ते म्हणायचे. "बाईमाणूस सांभाळून घेईल."

बाई सांभाळून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडे खरे फोन दिले. शेजारी त्या बसलेल्या, त्यांच्या हाताशी एक बटण. ते दाबलं की माझा आवाज बंद आणि त्यांचा सुरू. त्या आठवड्यात ते बटण त्यांनी दोनदा दाबलं. शुक्रवारी निकाल होता.

गुरुवारी दुपारी माझ्या पलीकडच्या टेबलावरच्या अमेरिकन मुलीने हात वर केला. तिच्या लाइनवर एक बाई ओरडत होती आणि तिला एक अक्षर कळत नव्हतं. तिने आवाज स्पीकरवर टाकला. "पडलेत हो, पडलेत! अगं कोणी आहे का तिकडे?"

मराठी! मी बाईंकडे बघितलं. मला वाटलं, त्या घेतील. त्यांनी पेन्सिलीने माझ्याकडे बोट दाखवलं. तू घे.

स्क्रीनवर माहिती आली. गळ्यातलं बटण मुलाने आपल्या आईसाठी घेतलेलं. सुनेचे आईवडीलही सध्या तिथेच राहायला आलेले. म्हणजे घरात आज्या दोन, बटण कोणीही दाबलेलं असू शकतं, आणि म्हातारे पुरुषही दोन. एकाच्या नावापुढे लिहिलं होतं, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू. दुसऱ्याला मधुमेह. त्यामुळे कोण पडलंय हे आधी कळायला हवं होतं. गोळ्यावाल्याच्या डोक्याला लागलं असेल तर अँब्युलन्सवाल्यांना ते वाटेतच माहीत पाहिजे.

"आजी, मी मराठीच आहे. कोण पडलंय?"

"हे पडलेत गं बाई!"

"हे म्हणजे कोण? नाव सांगा."

पेटीतून नुसता पाण्याच्या नळाचा आवाज.

"आजी? नाव सांगा त्यांचं."

"अगं... बंटीचे आजोबा."

बंटीचे आजोबा दोघंही. बाईंनी पॅडवर मोठ्या अक्षरात लिहिलं, नाव. आणि माझ्यापुढे सरकवलं. मी तोंड उघडलं आणि मला आमची आई दिसली. रेशनच्या दुकानात माणसाने विचारलं, कार्ड कोणाच्या नावावर, की आई मला पुढे ढकलायची. नाव मी सांगायचं. आई पदर तोंडाशी धरून दुसरीकडे बघायची. नाव तिला येत नव्हतं असं थोडंच होतं! पण कोणी सुरी दाखवली असती तरी ते तिच्या तोंडून निघालं नसतं. मी तिसऱ्यांदा विचारलं असतं, तर ह्या आजी पुन्हा गप्प बसल्या असत्या, आणि ते गप्प बसणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

बाईंनी पेन्सिल पॅडवर आपटली. नाव! त्यांचा दुसरा हात बटणावर गेला.

मी पॅड उलटं केलं. कुठून धीर आला माहीत नाही.

"आजी, हे घर तुमच्या मुलाचं का?"

"हो, प्रसादचं."

"मग प्रसादचे बाबा पडलेत का? की सूनबाईंचे?"

"प्रसादचे गं, प्रसादचे बाबा!" आजी धाय मोकलून रडायला लागल्या. "व्याही बाहेर गेलेत सगळ्यांना घेऊन. मी एकटी आहे."

गोळ्या त्यांच्याच नावापुढे होत्या.

"कुठे पडलेत?"

"मोरीत. खालच्या. दार वीतभर उघडतंय, पुढे त्यांचे पाय अडलेत."

"डोकं कुठे आहे?"

"त्या टबाकडे. फरशीवर रक्त दिसतंय गं."

"तुम्हाला स्वतःला दिसतंय? कुठून येतंय?"

"डोक्यातून. कानाच्या वरून. मला दिसतंय."

"बोलतायत का?"

"बोलतायत की! माझ्यावर ओरडतायत, कशाला जगाला गोळा करतेस म्हणून."

बाईंचं बोट अजून बटणावर होतं. मी टाइप केलं आणि दुसऱ्या लाइनवर वाचलं. होमओनर्स फादर, ऑन द फ्लोअर ऑफ द डाउनस्टेअर्स बाथरूम, बिट्वीन द टब अँड द डोअर, विथ हिज फीट अगेन्स्ट द डोअर, टॉकिंग, ब्लीडिंग फ्रॉम द हेड, अँड ऑन ब्लड थिनर्स. पलीकडच्या माणसाने काहीही परत विचारलं नाही. मग मी आजींशी बोलत राहिले. दाराशी बसा, त्यांना हलू देऊ नका, ओरडत असतील तर ओरडू द्या. शेवटी पेटीतून दारावरची बेल ऐकू आली, बुटांचे आवाज आले, आणि लाइन बंद झाली.

बाई उठल्या. माझं वाक्य वाचत त्या चालायला लागल्या. जिन्याकडे, म्हणजे कॉफीच्या मशीनकडे गेल्या नाहीत, कारण पेशंट खालीच होता. खांबाला वळसा घालून फायलींच्या कपाटापाशी आल्या. कपाट म्हणजे टब आणि भिंत म्हणजे दार, त्यांच्या मधल्या जागेत खाली बसल्या, पाय भिंतीला लावले आणि तशाच बसून राहिल्या. सगळं ऑफिस बघत होतं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पर्स घेतली आणि घरी गेल्या.

मोठ्या माणसाला उलट करत नाहीत, या आपल्याकडच्या हिशेबाने मी विचार केला. त्यांच्या देखत त्यांचं पॅड मी उलटं केलं होतं. संपलं. त्या संध्याकाळी मी कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायचं विसरले, भाताचा कोळसा झाला. अण्णांना काय सांगायचं ते मनात जुळवत होते, पण प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होत होतं.

सातच्या सुमाराला फोन वाजला. बाई.

"मी तुला नाव विचारायला सांगत होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"तू विचारलं नाहीस."

"दोनदा विचारलं, बाई. त्यांना सांगता येत नव्हतं."

त्यांच्या घरात मागे टीव्ही चालू होता.

"तुझी आई काय म्हणते तुझ्या वडिलांना?"

"माझ्या नावाने बोलते. अमकीचे बाबा आले, अमकीचे बाबा जेवले."

"माझी आई," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. "माझी आई 'घरात आहेत का' एवढंच म्हणायची. दारावर कोणी आलं की आतल्या भिंतीकडे बघून. मी तिची चेष्टा करायचे गं. मग हे सगळं विसरूनच गेले. आज माझं बोट बटणावर होतं, आणि ते दाबलं असतं तर मी नाव विचारत बसले असते."

मी मनात होतं तेच विचारलं. "बाई, ते बरे आहेत का? प्रसादचे बाबा?"

"आपल्याला कळवत नाहीत."

"माहीत आहे."

मग बाई अगदी हळू म्हणाल्या, "बरे असतील." आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी मी लवकर पोचले. बर्फाने भरलेले बूट दाराशी झटकले, कोट अडकवला. टेबलाशी आले तर लाकडी खुर्ची तिथे नव्हती. ती पार पलीकडे, खिडकीजवळच्या टेबलाला लावलेली होती. तिच्यावर बाई पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि नव्याने आलेल्या एका मुलाला म्हणत होत्या, आधी माणूस ठेव.

माझ्या शेजारी कार्पेटवर खुर्चीच्या पायांचे खोल खळगे उरले होते. मी हेडफोन चढवला. लाल दिवा लागला. सवयीने मी बाजूला बघितलं, तिथे कोणी नव्हतं. हाताला घाम होताच. मी तो स्कर्टला पुसला आणि फोन घेतला.